वेग कमी करण्याचा गुन्हा

1983 साली निघालेल्या एका सात इंची रेकॉर्डवर बावीस गाणी होती, आणि सगळी मिळून वीस मिनिटांच्या आत संपत. एक गाणं नीट कानात शिरायच्या आधी पुढचं सुरू झालेलं असे. एवढा ऐवज एवढ्याशा तबकडीवर बसवायचा तर खाचा बारीक आणि दाटीवाटीने कापाव्या लागतात आणि आवाज दबतो. म्हणून तीच गाणी पुढे बारा इंची तबकडीवर पुन्हा काढण्यात आली. चार वर्षांनी, 1987 मध्ये, त्याच बँडने ‘क्रॉसओव्हर’ नावाचा अल्बम काढला. त्यावर गाणी होती बारा. त्यातल्या एका गाण्याला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पहिल्या रेकॉर्डवरची तीन-चार गाणी आटोपली असती. बँडच्या कित्येक जुन्या चाहत्यांनी याला सरळ गद्दारी म्हटलं.

हा बँड म्हणजे डी.आर.आय., अर्थात ‘डर्टी रॉटन इम्बेसिल्स’. हे पुस्तक त्यांच्या त्या 1987च्या अल्बमबद्दल आहे. क्रॉसओव्हर थ्रॅश हा शब्द ज्यांनी कधी ऐकलेला नाही अशा वाचकांसाठी त्याच्या आजूबाजूचा मुलूख आधी दाखवावा, अशी लेखकाची इच्छा होती. ते काम माझ्याकडे आलं.

दोन घराण्यांपासून सुरुवात करू. एक हार्डकोर पंक. लंडन आणि न्यू यॉर्कमधलं सत्तरच्या दशकातलं पंक ओसरू लागलं, तेव्हा अमेरिकेतल्या पोरांनी 1980च्या आसपास ते अधिक वेगवान, अधिक रागीट आणि अधिक आखूड केलं. कॅलिफोर्नियात ब्लॅक फ्लॅग, वॉशिंग्टनमध्ये बॅड ब्रेन्स आणि मायनर थ्रेट. तीन-चार कॉर्ड, सगळ्या तारांवरून मोकळा फिरणारा हात, गाण्यापेक्षा ओरडण्याला जवळचा आवाज. विषय रस्त्यावरचे: पोलीस, रेगन सरकार, अणुयुद्धाची भीती, घरातली भांडणं, रिकामा वेळ. गिटारचा सोलो म्हणजे मिरवणं, आणि मिरवणं म्हणजे पाप. रेकॉर्ड स्वतःच काढायच्या, कार्यक्रम स्वतःच भरवायचे, गायक आणि प्रेक्षक यांच्यात उंचीचा फरक ठेवायचा नाही. प्रेक्षकातला कोणीही स्टेजवर चढून परत गर्दीत उडी मारू शकत असे.

दुसरं घराणं हेवी मेटलचं. इथे हाताला किंमत आहे. उजव्या तळव्याची कड तारांवर टेकवून स्वर दाबायचा, म्हणजे गिटारमधून झंकाराऐवजी ठोका निघतो. अशा ठोक्यांच्या रिफ एकामागून एक जोडत गाणं उभं करायचं. दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवणारा ड्रमर, बोटांची कसरत दाखवणारा सोलो, सहा-सात मिनिटांची रचना. विषय युद्ध, सैतान, मृत्यू, पुराणातले राक्षस. केस लांब, स्टेज उंच, आणि रेकॉर्ड काढायला बहुधा कंपनी.

या दोघांचं पटत नसे. मेटलवाल्यांच्या लेखी पंकवाल्यांना वाजवता येत नाही, आणि पंकवाल्यांच्या लेखी मेटलवाल्यांना सांगण्यासारखं काही नाही. दोन्ही आरोपांत थोडं तथ्य होतं, म्हणूनच ते इतके झोंबत. केस कापलेले आणि केस वाढवलेले एकाच हॉलमध्ये आले की मारामाऱ्या होत.

मात्र कागदावर दोन रकाने पाडणं सोपं असतं. प्रत्यक्षात या भिंतीला पहिल्यापासून भोकं होती. लेमीचा मोटरहेड हा बँड दोन्ही बाजूंना चाले. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटच्या डिस्चार्जचा 1982चा ‘हिअर नथिंग सी नथिंग से नथिंग’ हा अल्बम पंकचा, पण त्याच्या गिटारचं वजन मेटलचं आहे. आणि ज्याला आपण थ्रॅश मेटल म्हणतो, मेटॅलिका, स्लेअर, एक्सोडस यांचं 1983 ते 1986 या काळातलं संगीत, ते मुळात ब्रिटिश मेटलच्या रिफ हार्डकोरच्या वेगाने वाजवल्यामुळेच जन्मलं. मेटॅलिकाचा बेसिस्ट क्लिफ बर्टन याच्या दंडावर मिसफिट्स या पंक बँडचं चिन्ह गोंदलेलं होतं. स्लेअरचा जेफ हॅनेमन तर घरी ऐकायचा ते हार्डकोरच. म्हणजे पूल आधीच बांधलेला होता. फक्त सुरुवातीला त्यावरून वाहतूक एकाच दिशेने चाले: मेटलवाले गुपचूप पलीकडे जायचे, वेग उचलायचे आणि परत यायचे. क्रॉसओव्हर म्हणजे त्याच पुलावरून उलट दिशेने निघालेली वर्दळ.

1986-87च्या आसपास एक मजेदार गोष्ट घडते, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली तिथे आहे. स्लेअरच्या 1985च्या ‘हेल अवेट्स’वर सातच गाणी होती, तीही लांबलचक. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘रेन इन ब्लड’वर दहा गाणी, आणि सगळा अल्बम अर्ध्या तासाच्या आत संपतो. निर्माता रिक रुबिन स्वतः पंक बँडमधून आलेला. मेटलचा सर्वात भयंकर बँड आखूड आणि वेगवान होत असतानाच हार्डकोरचा सर्वात वेगवान बँड लांब आणि संथ होत होता. दोघे वाटेत एकमेकांना ओलांडून गेले. यातल्या पहिल्या प्रवासाचं भरपूर कौतुक झालं. दुसऱ्याला शिव्या मिळाल्या. वेग वाढवणं नेहमीच धाडस मानलं जातं. कमी करणाऱ्याला तडजोड केली म्हणतात. डी.आर.आय.च्या आधी ब्लॅक फ्लॅगनेही हे भोगलं होतं. 1984च्या ‘माय वॉर’ या त्यांच्या अल्बमची दुसरी बाजू सहा-सहा मिनिटांच्या तीन रेंगाळणाऱ्या गाण्यांची आहे, आणि ती ऐकून त्यांचे निम्मे चाहते भडकले होते.

आता डी.आर.आय.कडे. 1982 मध्ये टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात हा बँड जमला. गायक कर्ट ब्रेख्ट, ड्रमवर त्याचा भाऊ एरिक, गिटारवर स्पाइक कॅसिडी, बेसवर डेनिस जॉन्सन. घरातल्या तालमीचा गोंगाट असह्य होऊन ब्रेख्ट बंधूंच्या वडिलांनी ज्या शिव्या हासडल्या, त्यातूनच बँडचं नाव आलं. त्यांच्या बोधचिन्हातला, हातपाय झाडत वेडावाकडा नाचणारा प्रसिद्ध काळा माणूस एरिकने शाळेच्या चित्रकलेच्या कामासाठी काढला होता. पुढे तो जगभरच्या टी-शर्टांवर आणि स्केटबोर्डांवर गेला. 1983 मध्ये मंडळींनी बस्तान सॅन फ्रान्सिस्कोला हलवलं आणि काही काळ व्हॅनमध्येच संसार केला. त्याच वर्षी ‘रॉक अगेन्स्ट रेगन’ या राजकीय दौऱ्यात ते वाजवत होते. इथवर त्यांची कहाणी शेकडो हार्डकोर बँडसारखीच आहे.

फरक पडला तो जागेमुळे. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे बर्कलीत रूथीज इन नावाचा क्लब होता. एक्सोडस आणि स्लेअर तिथेच वाजवत आणि हार्डकोर बँडही तिथेच. एका रात्री एकाच मंचावर आलटून पालटून उभे राहिलेले बँड एकमेकांचं चोरल्याशिवाय राहत नाहीत. स्केटबोर्डवाल्या पोरांनीही भिंत पाडायला हातभार लावला. 1981 पासून सॅन फ्रान्सिस्कोतून निघणारं ‘थ्रॅशर’ हे स्केटबोर्डचं मासिक आपल्या ‘स्केट रॉक’ कॅसेटही काढे. उतारावरून घसरताना कानात काय वाजतंय, त्याची वंशावळ कोणी विचारत नसे.

आणि पैसा. या विषयावर लिहिणारे बहुतेक जण याला बगल देतात. हार्डकोरचं ‘सगळं स्वतः’ हे ब्रीद सुंदर होतं, पण त्याने रेकॉर्ड दुकानात पोचत नसे. मेटलच्या छोट्या कंपन्यांकडे वितरण होतं, मासिकं होती, आणि पगाराचे पैसे रेकॉर्डवर उधळणारा कामगारवर्गातला श्रोता होता. 1982 मध्ये ब्रायन स्लेगलने सुरू केलेल्या मेटल ब्लेड कंपनीने याच मिश्र बँडसाठी ‘डेथ रेकॉर्ड्स’ हे वेगळं लेबल काढलं. डी.आर.आय.चा 1985चा ‘डीलिंग विथ इट!’ आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या कोरोजन ऑफ कन्फॉर्मिटीचा ‘अ‍ॅनिमॉसिटी’ त्याच लेबलवर आले. हार्डकोरच्या शुद्धतेचे राखणदार, त्यातही सॅन फ्रान्सिस्कोच्याच परिसरातून निघणारं ‘मॅक्सिमम रॉकनरोल’ हे मासिक, यावर नाराज होते. त्यांची नाराजी मूर्खपणाची नव्हती. मेटल कंपनीच्या वाटेने आलेला बँड पुढे मेटलच्या बाजाराचेच नियम पाळू लागतो, ही त्यांची भीती काही बँडांच्या बाबतीत अक्षरशः खरी ठरली.

‘क्रॉसओव्हर’ या अल्बममध्ये नक्की काय घडतं? ‘द फाइव्ह इयर प्लॅन’ या गाण्याने तो उघडतो. (नाव वाचून आपल्याकडच्या वाचकाला नियोजन आयोग आठवला तर त्याचा दोष नाही.) इथे बँड पहिल्यांदाच श्रोत्याला वाट बघायला लावतो. रिफ येते, थांबते, पुन्हा येते. कर्ट ब्रेख्ट तोंड उघडण्याआधी कॅसिडीच्या गिटारला बोलायला जागा मिळते. आता ड्रमवर फेलिक्स ग्रिफिन आणि बेसवर जॉश पॅपी आहेत; ते लय एकदम निम्म्यावर आणतात, आणि मग ती पुन्हा दुगुनीत उडवतात. आपल्या कानाला ठाय आणि दुगुन यांचा खेळ परका नाही. दुगुनीचा झटका कळायला आधी ठाय कानात मुरावी लागते, हे कोणत्याही तबलजीला सांगावं लागत नाही. बावीस गाण्यांच्या त्या पहिल्या रेकॉर्डवर ठाय नव्हतीच. सगळंच द्रुत, म्हणून काही वेळाने कशालाच द्रुत म्हणता येत नाही. 1987च्या अल्बमवरचा वेगवान तुकडा मोजायला गेलं तर जुन्या गाण्यांपेक्षा फारसा जलद नसेलही. पण तो जास्त लागतो, कारण त्याच्या आधी बँडने पाय रोवलेला असतो.

शब्द मात्र हार्डकोरचेच राहिले. ‘प्रोबेशन’, ‘हुक्ड’, ‘नो रिलिजन’ ही नुसती शीर्षकं वाचली तरी कळतं की राक्षस आणि तलवारींना इथे थारा नाही. पोलीस, व्यसन, देव, नोकरी, आपलाच कंटाळा. मेटलकडून त्यांनी हात घेतले, तोंड स्वतःचं ठेवलं. क्रॉसओव्हर हा शब्द त्यांनी शोधला नाही. तो आधीच लोकांच्या तोंडी होता. अल्बमचं नाव म्हणून छापून त्यांनी तो पक्का केला, एवढंच. तेव्हापासून या प्रकाराला दुसरं नाव चिकटलं नाही.

डी.आर.आय. म्हणजे क्रॉसओव्हर हे समीकरणही पूर्ण नाही. लॉस एंजेलिसच्या व्हेनिस भागातल्या सुइसायडल टेंडन्सीजनी 1983च्या पहिल्या अल्बमवरच्या ‘इन्स्टिट्यूशनलाइज्ड’ने नाव कमावलं, पुढच्याच वर्षी ‘रेपो मॅन’ या चित्रपटात ते गाणं वाजलं. 1987च्या ‘जॉइन द आर्मी’पासून ते उघडच मेटलकडे सरकले. डोक्याला रुमाल, निळी टोपी, रस्त्यावरच्या टोळ्यांची वेशभूषा: हा पंथ पश्चिम किनाऱ्याचा, उन्हातला, स्केटबोर्डवरचा. न्यू यॉर्कचा पंथ वेगळा, जास्त बोचरा. अ‍ॅग्नॉस्टिक फ्रंटचा 1984चा ‘व्हिक्टिम इन पेन’ शुद्ध हार्डकोर होता, 1986चा ‘कॉज फॉर अलार्म’ निम्मा थ्रॅश. क्रो-मॅग्जच्या ‘दि एज ऑफ क्वारल’ (1986) या अल्बमचं शीर्षक थेट कलियुगावरून आलेलं आहे, कारण बँडचे जॉन जोसेफ आणि हार्ली फ्लॅनगन कृष्णभक्त होते. ज्या लोअर ईस्ट साइडमध्ये हे पोरगे मारामाऱ्या करत फिरले, तिथल्याच सेकंड अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका दुकानवजा जागेत 1966 मध्ये भक्तिवेदान्त स्वामी प्रभुपादांनी इस्कॉनची सुरुवात केली होती. जुहूच्या देवळात दर रविवारी जाणाऱ्या मुंबईकरांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की त्याच संप्रदायाच्या पहिल्या गल्लीतून असला खणखणाट निघाला!

न्यू यॉर्कच्याच एस.ओ.डी.बद्दल मात्र मला मोकळेपणाने कौतुक करता येत नाही. अँथ्रॅक्सचे स्कॉट इयन आणि चार्ली बेनान्टे, बेसवर डॅन लिल्कर, गायक बिली मिलानो. 1985चा त्यांचा ‘स्पीक इंग्लिश ऑर डाय’ तीन दिवसांत ध्वनिमुद्रित झाला आणि संगीत म्हणून तो या प्रकाराचा वस्तुपाठ आहे. पण शीर्षकापासूनच तो स्थलांतरितांची टर उडवतो. हा सगळा विनोद आहे, असं बँड तेव्हाही म्हणाला आणि नंतरही. परदेशात तुटक्या इंग्रजीवर दिवस काढलेले मराठी लोक माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्या शेजारी बसून हा विनोद मला ऐकता येणार नाही. या अल्बमला इतिहासातून वगळता येत नाही, आणि त्याच्यासाठी सबबी शोधायची गरजही नाही. लेखकाने त्यावर सरळ लिहिलं आहे, ते बरं केलं.

अमेरिकेबाहेर ब्राझीलची शाखा सर्वात जोमदार. साओ पाउलोच्या रातोस दे पोराओने पोर्तुगीजमध्ये गाऊन हे संगीत पूर्ण आपलंसं केलं. त्यांचा 1989चा ‘ब्राझिल’ ऐकताना लष्करी राजवटीतून नुकत्याच बाहेर आलेल्या देशाचा संताप वेगळा समजावून सांगावा लागत नाही. इंग्लंडमध्ये नेपाम डेथसारख्या बँडनी दुसरीच वाट धरली. डी.आर.आय.ने जो वेग सोडला तो त्यांनी उचलला आणि अशक्यापर्यंत ताणला. त्यातून ग्राइंडकोर निघालं. त्यांचा ‘स्कम’ही 1987चाच.

नव्वदच्या दशकात हा सगळा उद्योग थंडावला. सिअ‍ॅटलचा ग्रंज आला, थ्रॅशवाल्यांनीही लय उतरवली, आणि मधल्या जागेत उभे असलेले बँड दोन्हीकडून विसरले गेले. डी.आर.आय.चा ‘फुल स्पीड अहेड’ 1995 मध्ये आला आणि त्यानंतर पूर्ण लांबीचा अल्बम आलाच नाही, जरी ते वाजवत राहिले. 1996 मध्ये स्लेअरने पंक गाण्यांचा ‘अनडिस्प्यूटेड अ‍ॅटिट्यूड’ काढला, त्यात डी.आर.आय.चं ‘व्हायलंट पॅसिफिकेशन’ घेतलं. कर्ज फेडण्यातलाच तो प्रकार होता. पुढे 2001 मध्ये व्हर्जिनियाच्या रिचमंडमध्ये जमलेल्या म्युनिसिपल वेस्टने जुनी झिंग परत आणली, थोडी जास्तच पार्टीच्या अंगाने. त्यानंतर डॅलसचा पॉवर ट्रिप. त्यांचा 2017चा ‘नाइटमेअर लॉजिक’ मी या प्रकाराच्या पहिल्या पाच अल्बमांत धरतो. 2020 मध्ये त्यांचा गायक रायली गेल वारला. त्यानंतर त्यांच्या एका गाण्याच्या कार्यक्रमातल्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमीचं नामांकन मिळालं.

आजच्या बँडना या मिश्रणासाठी कोणाशी भांडावं लागत नाही. मोबाइलवर एका बोटाने मायनर थ्रेटवरून मेटॅलिकावर जाता येतं. म्हणूनच भांडण समजून घ्यायला हवं, असं मला वाटतं. भांडणाशिवाय ऐकलं तर ‘क्रॉसओव्हर’ हा 1987चा एक बरा थ्रॅश अल्बम वाटतो आणि माणूस पुढे सरकतो. भांडणासकट ऐकलं तर प्रत्येक संथ रिफमागे पहिल्या रांगेत उभं राहून शिव्या घालणारं कोणीतरी ऐकू येतं.

आपल्याकडे अडचण आणखी वेगळी आहे. मेटल आपल्यापर्यंत पोचलं. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात, 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’मध्ये, उघड्या आभाळाखाली ते वाजलं. कॅसेटवरून कॅसेटवर उतरवून घेतलेल्या मेटॅलिका आणि आयर्न मेडनवर एक पिढी वाढली. हार्डकोर मात्र त्या मानाने आलंच नाही. इथे ते छापायला कंपनी नव्हती, आणि बाहेरून येणाऱ्याच्या सामानातही ते क्वचित असे. म्हणजे या संगमातली एकच नदी आपण पाहिली. थ्रॅशमधला राग कुठून आला हे न कळता आपण तो राग वाजवायला शिकलो, आणि बराच काळ आपल्या मेटलमध्ये हातांची सफाई उत्तम आणि सांगण्यासारखं मात्र कमी, अशी स्थिती राहिली. हे विधान काही मित्रांना आवडणार नाही. मुंबईच्या स्क्राइबने ते पुष्कळ बदललं. 2014च्या ‘हेल मोगॅम्बो’पर्यंत त्यांनी हार्डकोर, मेटल आणि शुद्ध मुंबईकर टवाळी यांची जी सरमिसळ केली, ती पाहता त्यांना या पुस्तकातल्या बँडची दूरची भाचरं म्हणायला हरकत नाही.

मराठीत या विषयावर लिहायचं तर एक मोह टाळावा लागतो: प्रत्येक बँडची ओळख करून देणारी यादी. लेखकाने तो टाळला आहे. हे पुस्तक एका अल्बमपाशी बसून राहतं, आणि त्यातून बाहेर जाणाऱ्या वाटा वाचकाला धुंडाळू देतं. तळव्याने तार दाबणं म्हणजे काय, लय निम्म्यावर येते तेव्हा ड्रमरचा कोणता हात कुठे जातो, हे मराठीत इतकं सविस्तर आणि न अडखळता लिहिलेलं मी पूर्वी वाचलेलं नाही. वाद्य कधी हातात न धरलेल्यालाही ते समजेल. मेटल कंपन्यांचे व्यवहार, क्लबांची जागा, स्केटबोर्ड हे सगळं संगीताच्या पार्श्वभूमीला न टाकता संगीताचंच कारण म्हणून येतं. आणि शब्दांचा अनुवाद केलेला नाही. गाणी कशाबद्दल आहेत ते सांगून लेखक बाजूला होतो. कर्ट ब्रेख्टचे शब्द मराठीत आणले असते तर ते भाषणासारखे झाले असते.

एका बाबतीत आमचं पटलेलं नाही, आणि ते इथे नोंदवायची परवानगी लेखकाने दिली आहे. ‘क्रॉसओव्हर’ हा बँडचा सर्वोत्तम अल्बम आहे असं त्याचं म्हणणं. माझ्या मते तो मान ‘डीलिंग विथ इट!’चा. पंचवीस गाण्यांच्या त्या अल्बमवर दोन्ही घराणी अजून एकमेकांशी झोंबताहेत, कोण जिंकणार ते ठरलेलं नाही, आणि त्या अनिश्चिततेत जी धग आहे ती 1987 पर्यंत थोडी निवळली आहे. ‘क्रॉसओव्हर’ जास्त परिणामकारक ठरला हे मान्य. त्याच्यामुळे इतरांना वाट मिळाली हेही मान्य. परिणाम आणि प्रतिभा यांचा हिशोब मात्र मी वेगळा ठेवतो. लेखकाने या मुद्द्यावर पूर्ण एक प्रकरण खर्च केलं आहे आणि माझं मत त्याने बदललेलं नाही, जरी ‘रेडलाइन’ आणि ‘ऑब्लिव्हियन’ या गाण्यांबद्दलची त्याची पानं वाचून मी ती पुन्हा ऐकली आणि पूर्वीपेक्षा जास्त आवडली.

वाचकाने निकाल स्वतः लावावा. आधी ‘डर्टी रॉटन’, म्हणजे बावीस गाण्यांची ती पहिली रेकॉर्ड, ऐका, शक्यतो एका दमात. मग ‘डीलिंग विथ इट!’, आणि त्यानंतर पुस्तकाचं पहिलं प्रकरण. ‘क्रॉसओव्हर’ त्याआधी लावू नका. आणि आवाज शेजारी तक्रार करतील इतका तरी ठेवा. ब्रेख्ट बंधूंच्या वडिलांची बाजूही समजायला हवी.